आठ मान्य, एक अमान्य

मान्य आठ, अमान्य एक. फोनच्या पडद्यावर एवढंच होतं, आणि त्याखाली बरोबरची एक हिरवी खूण. बापूसाहेबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं. आठ नि एक नऊ. बेरीज बरोबर होती. वाचनालयाचे कार्यवाह म्हणून त्यांना आणखी तीन वर्षं मिळाली होती. तरीही छातीत काहीतरी हललं, भरल्या कपाटातून मधलंच एक पुस्तक कुणी ओढून काढावं आणि शेजारची दोन आडवी व्हावीत तसं. आतून रमाबाईंनी विचारलं, "लागला का निकाल?" "लागला." "मग? आहात की सुटलात?" "आहे," बापूसाहेब म्हणाले. स्वयंपाकघरातून नुसता वाटीचा आवाज आला. तेवढ्यात फोन वाजला. कार्यकारिणीतला वकील नितेश होता. "अभिनंदन सर! आठ-एक! आन् ते एक कोणाचं, हे सांगायले मशीन कशाले पाहिजे? तुमचंच! तुमी काही सुधरत नाही, सर." तो मोकळेपणाने हसला. बापूसाहेबही हसल्यासारखे झाले. त्या हसण्याचा अर्थ हो असाही होत होता आणि नाही असाही. फोन ठेवून त्यांनी पडद्यावरचा तो एक पुन्हा पाहिला, कारण ते एक मत त्यांचं नव्हतं.

हे त्यांना आणि ते मत देणाऱ्यालाच ठाऊक होतं. इतर कुणाच्या मनात ही शंका येणारच नव्हती, आणि याला कारण बापूसाहेबच होते. वाचनालयात पूर्वी हात वर करून मतं घेत. ठराव ज्याच्याविषयी असे त्याने उठून बाहेर माठाकडे जायचं आणि पाणी पीत थांबायचं, अशी जुनी रीत. बापूसाहेब तर अध्यक्षांनी ठराव वाचायला घेतला की अर्ध्या वाक्यातच उठत. तहान नसली तरी पेला भरून घेत, आणि भिंतीपलीकडे सदऱ्यांच्या बाह्या सळसळल्या की मान खाली घालत. पुढे हात जाऊन चिठ्ठ्या आल्या. पण वाचनालयाच्या माणसांना एकमेकांची अक्षरं पाठ असतात. नुसतं 'नाही' लिहिलेलं असलं तरी त्या वेलांटीवरून माणूस कळे. चिठ्ठ्या मोजायचे बापूसाहेबच, आणि त्यांना प्रत्येक अक्षर ओळखू येई. मागच्या खेपेला नितेशने विषय काढला. "सर, तुमच्यावर अविश्वास नाही, पण." त्या 'पण'नंतर तो बराच वेळ बोलला होता. बापूसाहेबांना फक्त 'पण' आठवत होता. तेव्हा संगणकाचं काम करणारी प्रियदर्शनी म्हणाली होती, आपण फोनवर मतदान घेऊ, अकोल्याच्या नत्थुजी काकांनाही यायचा त्रास नको. तो ठराव एकमताने संमत झाला, आणि इतिवृत्तात तो बापूसाहेबांनी स्वतःच्या हाताने, सुवाच्य, लिहून ठेवला. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. फोनच्या मतदानाला बाहेर नसतं. माठाकडे जायला जागाच नसते. संध्याकाळी व्हरांड्यात ते एकटे बसले होते आणि पडद्यावर त्यांच्याच नावाखाली दोन चौकोन उमटले होते. मत न देता सोडून दिलं तर आकडा आठच येईल, आणि न देणारा कोण हे सगळ्यांना कळेल. अमान्य दाबावं तर ते खोटं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, फाटकापाशी गाय उभी होती तिच्याकडेही पाहिलं, आणि मान्य दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी हात वर केला. त्या रात्री त्यांना लाज वाटली होती आणि, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं होतं.

आता त्या सुखाचं हे असं झालं. जगाच्या दृष्टीने बापूसाहेब विनयशील आणि सगळे त्यांच्या बाजूने. बापूसाहेबांच्या दृष्टीने आठांतला एक जण विरोधात. तो कोण, हे विचारायचं म्हटलं तर आधी कबूल करायला हवं की मी माझं मत मलाच दिलं. दुसऱ्या दिवशी वाचनालयात ते खुर्चीवर बसून एकेकाचे चेहरे वाचू लागले. आयुष्यभर छापलेलं वाचलं, माणसाचा चेहरा वाचायची सवय नव्हती. त्यामुळे प्रत्येक चेहऱ्यावर जे शोधावं ते दिसू लागलं. नितेश फार हसत होता. ज्याने विरोध केला तोच आधी फोन करून विनोद करतो. कार्यकारिणीतले डॉक्टर नेहमीसारखे बोलत होते, आणि नेहमीसारखं बोलणं हेच संशयास्पद नव्हे काय? शिपायाने चहा दिला त्यात साखर कमी होती. शिपायाला तर मतच नव्हतं, पण त्याच्या कानावर काही आलं असेल. कार्यकारिणीच्या नऊ जणांत बालविभाग पाहणाऱ्या रमाबाईही होत्या. पण त्या घरच्याच. बाहेरच्यांची मोजदाद करताना घरचं माणूस कोणी धरत नाही.

प्रियदर्शनी रविवारी पुस्तकं बदलायला आली तेव्हा त्यांनी तिला थांबवून घेतलं. ती बेंगळुरूच्या एका कंपनीचं काम अमरावतीत बसून करायची. वडील वाचनालयाचे जुने सभासद, तिला बापूसाहेबांनी परकरात पाहिलेलं. "एक विचारू का, उगीच, माहितीसाठी," ते म्हणाले. "यात कुणी काय मत दिलं हे कुणालाच कळत नाही? अगदी तुलाही?" "मलाही नाही, काका." "मग मोजणी खरी कशावरून?" ती खूश झाली. आपल्या विषयाबद्दल कुणी विचारलं की होतात तशी. टेबलावर कुणीतरी ठेवलेल्या पिशवीतली दोन संत्री तिने उचलली. "समजा, यातलं एक मोर्शीचं आहे आणि एक दुसरीकडचं. तुम्हाला फरक कळत नाही, मला कळतो. तुमचा माझ्यावर विश्वास नाही. मग तुम्ही दोन्ही पाठीमागे न्यायची, वाटलं तर हात बदलायचे, नाहीतर नाही, आणि समोर आणायची. मी सांगणार, बदलली की नाही. एकदा बरोबर आलं तर योगायोग. पण प्रत्येक वेळी बरोबर येत गेलं तर?" "तर तुला कळतं हे मानावंच लागेल." "आणि कसं कळतं ते? वासावरून की सालीवरून?" "ते नाही कळलं मला." "तेच हे! झिरो नॉलेज प्रूफ. मला ठाऊक आहे एवढं सिद्ध होतं, काय ठाऊक आहे ते माझ्याजवळच राहतं. तुमच्या मताचं तसंच. मत सभासदानेच दिलं, एकदाच दिलं, बेरजेत धरलं गेलं, एवढं सिद्ध. कुणी दिलं, ते नाही. आणि ही सगळी नोंद एकाच्या कपाटात नसते. ब्लॉकचेन म्हणजे सगळ्यांकडे तीच नोंद. एकाने खोडलं की बाकीच्यांशी जुळत नाही. कुणावर विश्वास ठेवायची गरजच नाही, काका!" शेवटचं वाक्य तिने इतक्या आनंदाने उच्चारलं की बापूसाहेबांना तिची भीती वाटली. "आणि समजा," त्यांनी संत्री जागेवर ठेवत विचारलं, "एखाद्याला स्वतःहून दाखवायचं असलं, की बघा, मी असं मत दिलं होतं?" "नाही दाखवता येत. मुद्दामच. नाहीतर उद्या कुणी दमदाटी करून मत घेईल आणि वर पुरावा मागेल." "म्हणजे निर्दोष माणसालाही आपण निर्दोष आहोत हे दाखवता येणार नाही." "त्याचा शब्द असतो की," ती म्हणाली आणि त्यांच्याकडे निरखून बघू लागली. बापूसाहेबांनी घाईघाईने तिच्या पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारला. एकावर तो उलटा पडला.

तेव्हापासून त्यांच्या मनात नत्थुजी शिरले ते निघेनात. नत्थुजींनी अजून अभिनंदनाचा फोन केला नव्हता. कॉलेजात दोघं एका खोलीत राहिलेले. नत्थुजी चांदूर रेल्वेकडच्या काळ्या जमिनीवरच्या घरातला, धिप्पाड, मोठ्याने बोलणारा. बापूसाहेब कोर्टात कारकुनी करणाऱ्या बापाचा मुलगा, भिंतीकडे तोंड करून वाचणारा. पुढे हे कॉलेजात ग्रंथपाल झाले, तो शाळेचा हेडमास्तर होऊन अकोल्यात मुलांकडे स्थिरावला. इतक्या वर्षांत दोघांत भांडण म्हणून झालं नव्हतं. पण एक गोष्ट होती. बी.ए.च्या शेवटच्या पेपरच्या सकाळी खोलीवर बापूसाहेबांच्या नावे तार आली होती. ती नत्थुजीने घेतली, वाचली आणि खिशात ठेवली. बापूसाहेब पेपर देऊन आले, बाहेर दोघांनी गिला वडा खाल्ला, नत्थुजीने एकदोन थट्टाही केल्या, आणि मग खोलीत येऊन खिशातली तार त्यांच्या हातात दिली. बापूसाहेब घरी पोचले तेव्हा वडील गेले होते. सकाळीच निघाले असते तर भेट झाली असती की नसती, हे कधीच कळलं नाही. पेपर दिला म्हणून पदवी, पदवी म्हणून नोकरी, नोकरी म्हणून सारं आयुष्य. त्यांनी नत्थुजीला कधी दोष दिला नाही आणि कधी आभारही मानले नाहीत. पण तो वडा खाताना याच्या खिशात ते होतं, हे आठवलं की अजूनही तोंडाला तेलाची चव येई. ठाऊक असून चेहऱ्यावर दिसू न देणं याला जमतं. मग आताही जमलं नसेल कशावरून? हा विचार एकदा आला आणि मग दुसरा कोणी आरोपी त्यांना दिसेचना. तोच असेल तर इतक्या वर्षांचं सगळं संपलं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. ठरवलेलं मग मागे घ्यायलाही जमेना.

"अकोल्याला जाऊन येतो," त्यांनी रमाबाईंना सांगितलं. "नत्थूची तब्येत बघतो." "त्यांच्या तब्येतीला काय झालंय?" "सहज." रमाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पिशवीत मृगबहाराची संत्री भरून दिली. एसटीत खिडकीशी जागा मिळाली. मूर्तिजापूरच्या अलीकडे जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग पडले होते, ऊन त्यांच्यावरून डोळ्यांत येत होतं. बापूसाहेब बोलायची वाक्यं रचत होते. सरळ विचारायचं नाही. मतदानाच्या पद्धतीवरून सुरुवात करायची, मग नितेशवर यायचं, मग नत्थू काय म्हणतो ते बघायचं. आपला हात पाठीमागे ठेवायचा. अकोला येईपर्यंत त्यांनी ते संभाषण तीनचार तऱ्हांनी रचलं, आणि प्रत्येक रचनेत नत्थुजी त्यांच्यापेक्षा हुशार ठरला.

नत्थुजी अंगणात निंबाखाली बाजेवर बसून हरभऱ्याचे सोले काढत होते. "अबे बापू! फोन नाई, काई नाई. वयनीनं हाकलून देल्लं का?" आत बायकोच्या दिशेने तोंड करून ते ओरडले, "पार्बता, चाय मांड, अमरावतीचे सायेब आले!" चहा झाला, संत्र्यांचं कौतुक झालं. बापूसाहेबांनी मतदानाच्या पद्धतीवरून सुरुवात केली. ब्लॉकचेन म्हणजे काय ते सांगायला घेतलं आणि मध्येच अडकले. नत्थुजी सोले काढत ऐकत होते. "बापू," ते म्हणाले, "तू काहीतरी इचाराले आला. तुह्या तोंडावर दिसून राह्यलं." "नाही रे, सहज." "सहज तू गल्लीच्या कोपऱ्यावर जात नाई. एवढी यष्टी तुडवून सहज आला? बोल ना बे." "तू फोन नाही केलास. निकाल लागला तेव्हा." "आता आठ-एकचा काय फोन करू? अन् ते एकबी तुह्यंच. माह्या डोयानं पाह्यलं, तुह्यं नाव निंगालं का तू मडक्याकडं पयते. म्या पार्बताले म्हनलंबी, बापूनं सोताचीच विकेट घेतली." ते हसले. बापूसाहेबांनी हातातल्या सोल्याकडे पाहिलं. रचलेलं एकही वाक्य जवळ राहिलं नव्हतं. "ते माझं नव्हतं, नत्थू," ते म्हणाले. "मी मान्य दाबलं होतं."

नत्थुजी हसतील, निदान चिडवतील, असं त्यांना वाटलं होतं. नत्थुजी हसले नाहीत. त्यांची बोटं थांबली, आणि ते थांबणं बापूसाहेबांना हसण्याहून कठीण गेलं. "बरं केलं," नत्थुजी म्हणाले. मग बराच वेळ नुसते निंबाखालच्या मुंग्यांच्या ओळीकडे पाहत बसले. ते काहीतरी जुळवत होते की आठवत होते? चोर सापडतो तेव्हा असाच बघतो, की मित्र? "अन् म्हनून तू आला," नत्थुजी म्हणाले. "मले इचाराले." "विचारायला नाही..." "मग आयक. म्याच टाकलं ते." "तू?" "म्या. डोयाचं आपरेशन झालं अन् डाक्तरनं घरी बस म्हनलं तं तू पट्टीसगट तिथं जाऊन बसला. ते पुस्तकं तुले खाऊन राह्यले बे. म्या म्हनलं, बाकीचे तं तुले ठेवतीनच, एक मत तरी असं पडलं पाह्यजे का बापू, आता घरी जाय." "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" "कावून सांगू? सगळे म्हनत होते तुह्यंच हाय. मले वाटलं, भागलं." "पुरावा काय?" हे शब्द तोंडातून गेले आणि बापूसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नत्थुजींनी शांतपणे सोल्यांची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. "पुरावा नाई. खाय."

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली नाही. मधल्या जागेवर दोन खांद्यांमध्ये दाटून बसलेल्या बापूसाहेबांना वाटत होतं, आता संताप येईल. तो येईना. ठरवल्याप्रमाणे सगळं संपायला हवं होतं, पण संपवायचं काय हेच हाताला लागत नव्हतं. नत्थूने खरंच टाकलं असेल तर तो इतका वेळ गप्प का बसला? आणि टाकलं नसेल, तर मुंग्यांकडे बघत त्याने एवढंच ठरवलं असेल की या भित्र्या माणसाला कोणीतरी एक द्यायला हवा, नाहीतर हा उरलेल्या सगळ्यांकडे असाच बघत मरेल. यातलं कुठलंही असो, ते पुन्हा नत्थूच्याच खिशात होतं. वाद घालायला जावं तर उपकार निघायचा, आभार मानायला जावं तर घात. मूर्तिजापूरला शेजारचा उतरला, दुसरा बसला. त्याने विचारलं, "बडनेरा किती वाजता येईन, आजोबा?" आणि बापूसाहेबांनी त्याच्याकडेही क्षणभर संशयाने पाहिलं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. रमाबाई पोळ्या करत होत्या. "नत्थुजी भाऊजींचा फोन होता, पोचलात का म्हणून." "आणखी काय म्हणाला?" "सगळंच म्हणाले." बापूसाहेब दारातच उभे राहिले. स्वतःला मत दिल्याचं आता हिलाही कळलं होतं. रमाबाईंनी पोळी उलटली. "ते तुम्हाला उगीच बोलले," त्या म्हणाल्या. "ते मत माझं होतं." तव्यावरची पोळी फुगत होती. बापूसाहेबांना आधी वाक्यच कळलं नाही. "तुझं?" "मग? मीही आहे ना नऊत?" "पण का?" रमाबाईंनी पोळी उतरवली, तूप लावलं, दुसरी लाटायला घेतली. "पुस्तकं फाटतात म्हणून पोरांना घरी न्यायला तुम्ही बंदी केलीत. बसून वाचा म्हणालात. पोरं बसतात होय? आधी दहा यायची, मग चार. आता रविवारी मी सतरंजी अंथरते आणि एकटी बसते. कपाटाची किल्ली तुमच्याकडे, मागायची तर अर्ज करा म्हणता. मागे उशीर झाला तर मलाच दंड लावलात, पावती फाडून." "नियम सगळ्यांना सारखा असावा म्हणून..." "सारखाच आहे की. म्हणून तर मत दिलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बापूसाहेबांना ते खोटं तरी मानता आलं असतं. "पण नत्थू म्हणतो, त्याचं," ते म्हणाले. "मग त्यांचं असेल." "दोघांचं कसं असेल? मत एकच आहे. ते सिद्ध झालंय." रमाबाईंनी लाटणं थांबवलं. "मग ज्याचं तुम्हाला सोसवेल त्याचं धरा."

बापूसाहेब पाटावर बसले. त्यांनी आधी नत्थूचं धरून पाहिलं, मग रमेचं. दोघांनी फोनवर संगनमत केलं असेल, असंही मनात येऊन गेलं, पण सतरंजी खरी होती. रविवारी आपण खुर्चीवरून तिकडे पाहत नव्हतो, आणि का पाहत नव्हतो तेही त्यांना आता आठवलं. तिथे कुणी नसतं हे त्यांना माहीत होतं. आवाज होत नाही, पुस्तकं जागेवर राहतात, याचं त्यांना सुख होतं. त्या व्हरांड्यातल्या संध्याकाळी दोन चौकोनांपुढे हे आठवलं असतं तर बोट कुठे गेलं असतं? त्यांनी खिशातून फोन काढून नत्थुजींना लावला. "नत्थू," ते म्हणाले, "ते मत तुझं नाही." "मंग कोनाचं?" "माझं. मी अमान्य दाबलं होतं." "अबे, दुपारी तं तू म्हने..." "दुपारी खोटं बोललो." "पुरावा?" नत्थुजींच्या आवाजात आता हसू येऊ लागलं होतं. "नाही. तू मान." "बरं," नत्थुजी म्हणाले, "मानलं. पन मंग माह्यंबी मान." "मानलं."

फोन खाली ठेवला तर रमाबाई ताट वाढून समोर उभ्या होत्या. "आणि माझं?" त्यांनी विचारलं. बापूसाहेबांनी वर पाहिलं. एवढा वेळ चेहरे वाचत आलेल्या माणसाला या चेहऱ्यावर एक अक्षर लागत नव्हतं. "रविवारी किल्ली तुझ्याकडे राहू दे," ते म्हणाले. "आणि पुस्तकं?" "नेऊ देत घरी." "फाटतील." "फाटू देत," असं म्हणताना त्यांना खरोखरच कुठेतरी दुखलं. रमाबाई जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या, हा माणूस हे मनापासून म्हणतो की नुसतं आजच्यापुरतं, याचा अंदाज घेत. मग त्यांनी स्वतःचं पान वाढून घेतलं.